रूपावरून नांव

भाद्रपदांत चार दिवस झड लागून उघडीप पडली, म्हणजे मानवतच्या शिवारांत बांधावर रचलेल्या गतसालच्या पऱ्हाट्यांचा ढीग एकदां उचकटून पाहावा. तळच्या कुजक्या काड्यांवर कधीं कधीं पिवळा, बुळबुळीत, जाळीसारखा पापुद्रा पसरलेला आढळतो. एकदोन दिवसांनीं जावें, तों पापुद्रा नाहींसा होऊन त्याच्या जागीं मोहरीहूनही बारीक अशा देठदार बोंडांची दाटी उभी असते आणि फुंकर घातल्यास तींतून धूळ उडते. ही धूळ म्हणजे त्या जीवाचीं बीजुकें होत. त्यास श्लेष्मकवक म्हणतात; परंतु तें कवक म्हणजे बुरशी नव्हे, त्याचें गोत्र अमीबाशीं जुळतें. जपानांत २००० सालीं नाकागाकी नामक संशोधकानें ह्यांतील एका जातीस चक्रव्यूहांत ठेविलें असतां तिनें अन्नापर्यंतची जवळची वाट बरोबर धरली. मेंदू नसतां हें घडलें, हें आमच्या विद्यार्थिबंधूंनीं लक्षांत ठेवावें!

ह्या जीवांस नांवें आजवर बोंडाचा रंग, देठ, आंतील तंतू व बीजुकांवरील कांटे पाहून देण्यांत आलीं. ह्या रीतीनें सुमारें एक हजार जाती ठरल्या. त्यांपैकीं पुष्कळांचीं वर्णनें युरोपांतील नमुन्यांवरून झालीं, आणि आमच्याकडील नमुना त्या वर्णनाशीं जुळला कीं तेंच नांव त्यास चिकटवावें, असा परिपाठ पडला. हा परिपाठ मला पुरेसा वाटत नाहीं.

कापूस पिकविणाऱ्या ह्या तालुक्यांत त्याचें कारण समजावयास कठीण नाहीं. २००२ सालीं भारतांत बी.टी. कापसाच्या लागवडीस परवानगी मिळाली. रंग न लावलेलें तें बीं साध्या सरकींत मिसळलें, तर अनुभवी शेतकऱ्यासही केवळ डोळ्यांनीं निवडतां येणार नाहीं. भेद आंत, जनुकांत आहे. जातींमधला भेदही असाच आंत शोधावा, असें २००३ सालीं कॅनडांतील ग्वेल्फ विश्वविद्यालयाच्या पॉल हेबर्ट ह्यांनीं प्राण्यांच्या बाबतींत सुचविलें. जीवाच्या डी.एन.ए.चा ठराविक असा सुमारें ६५० अक्षरांचा तुकडा वाचावा, आणि दुकानांतील मालावरच्या पट्ट्यांप्रमाणें त्यावरून जात ओळखावी. ह्या रीतीस डी.एन.ए. बारकोडिंग म्हणतात. श्लेष्मकवकांसाठीं बहुधा निराळा तुकडा, रायबोसोमच्या एका जनुकाचा आरंभ, वाचतात. जर्मनींतील ग्राइफ्सवाल्ड येथील फेंग व श्निटलर ह्यांनीं ट्रिकिया व्हारिया ह्या परिचित जातीचे नमुने अशा प्रकारें जनुकांवरून तपासून २०१५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला: एकाच नांवाखालीं परस्परांत संकर न होणारे तीन वंश निघाले. वर्षानुवर्षें तुडविलेल्या रानांत ही अवस्था, तर जेथें भिंग घेऊन फिरणारे विरळा, त्या गोदावरीच्या खोऱ्यांतील काळ्या मातींत काय दडलें असेल?

कोणी म्हणतील, यंत्र अक्षरें वाचूं लागलें, आतां भिंग कपाटांत ठेवावें. हें मला मान्य नाहीं. अक्षरें दोन नमुन्यांतला भेद दाखवितात. नमुना कोणत्या काडीवर, कोणत्या पंधरवड्यांत उगवला, हें दाखवीत नाहींत. जपून ठेविलेल्या नमुन्याशीं न जोडलेली अक्षरमाला म्हणजे मोंढ्यांत माल न येतां फाडलेली पावती होय. शिवाय अक्षरें थोडीं वेगळीं निघालीं कीं लागलीच नवी जात उभी करण्याची घाईही बरी नव्हे. एकाच जातींत थोडा फरक असतोच.

अक्षरें वाचण्याचा खर्च शाळेस झेपणारा नाहीं, पण नमुना शाळा पुरवूं शकते. बाभळीच्या किंवा लिंबाच्या वाळल्या सालीचा तुकडा झांकणाच्या बशींत ओल्या टीपकागदावर ठेवावा; कांहीं आठवड्यांत त्यावर बारीक बोंडें धरण्याचा संभव असतो. तीं सुकवून आगपेटीच्या तळाशीं डिंकानें चिकटवावीं, आणि गांव, तारीख व झाड लिहावें. सुकलेल्या बीजुकांतील डी.एन.ए. पुष्कळदां कित्येक वर्षांनींही वाचतां येतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. परभणीस १९७२ पासून कृषि विद्यापीठ आहे. पुढेंमागें एखाद्या अभ्यासकानें मागितल्यास आमच्याकडे देण्याजोगें कांहीं असावें, एवढीच अपेक्षा. पऱ्हाट्या मात्र थांबत नाहींत. चुलींत म्हणा, यंत्राच्या जबड्यांत म्हणा, त्या दरसाल जातात, आणि त्यांवर कोण नांदत होतें तें कोणी न पाहतांच जातात.

शाळेच्या कपाटांत सध्यां अशा अकरा आगपेट्या आहेत. चोहोंवरच नांव लिहिलें आहे, आणि तेंही शिसपेन्सिलीनें.