रकान्यातील नाव आणि समीक्षेची अनास्था

गेल्या काही वर्षांत 'संगणकयुगातील मराठी' या विषयावरील चर्चासत्रांना ऊत आला आहे. त्यांतील निबंधांचा सूर बहुधा ठरलेला असतो. विश्वकोशाचे खंड संकेतस्थळावर आले, बालभारतीची पाठ्यपुस्तके घरबसल्या उतरवून घेता येतात, प्रकाशकांनी ई-पुस्तके काढली, शासनाचे दाखले 'आपले सरकार'वर मिळू लागले, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी भाषेला अभिजात दर्जाही मिळाला. तेव्हा मराठीला आता भय नाही, असा हा सूर आहे. याच्या विरोधी बाजूला उभे राहणारे अभ्यासक वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासाबद्दल हळहळतात. या दोन्ही पक्षांना एक गोष्ट समान आहे. ज्या मराठी संहितेशी आज सर्वाधिक माणसांचा संबंध येतो, ती संहिता, म्हणजे पडद्यावर भरावयाचा अर्ज, यांच्यापैकी कोणीही वाचलेली नाही. ती 'वाङ्मय' नाही, म्हणून समीक्षेचा विषय नाही, असे गृहीत धरले गेले आहे. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप या गृहीतकाला आहे.

हा आक्षेप एखाद्या शहरातील ग्रंथालयात बसून सुचला नसता. तलासरी तालुक्यातील अच्छाड हे मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचे महाराष्ट्राच्या सरहद्दीचे गाव. त्याचे नाव ट्रकचालकांना तेथील तपासणी नाक्यामुळे ठाऊक असते, साहित्याच्या अभ्यासकांना क्वचितच. १९६० साली राज्यांची वाटणी झाली तेव्हा उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातकडे गेला. रेषेच्या अलीकडची गावे महाराष्ट्रात राहिली. माणसांचे नातेसंबंध मात्र त्या रेषेने तोडले नाहीत. सोयरीक पलीकडे, मजुरी भिलाड, उंबरगाव, वापीला, बाजार दोन्हीकडे. घरात वारली बोलायची, शाळेत पुस्तकी मराठी, कारखान्यात हिंदी-गुजराती, असा येथील भाषाव्यवहार आहे.

अशा गावातील एका कुटुंबाची कागदपत्रे एकत्र मांडून पाहावीत. आजोबांच्या जमिनीची किंवा जन्माची जुनी नोंद सापडलीच तर ती मोडीत असू शकते. बापाचा शाळेचा दाखला सीमेपलीकडचा असेल तर गुजराती लिपीत. मुलाचा दाखला देवनागरीत. आधारपत्र पलीकडे भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावर काढले असेल तर त्यावर गुजराती आणि रोमन. एका घराण्याचे नाव असे चार लिप्यांतून प्रवास करते आणि प्रत्येक मुक्कामावर त्याला एक नवा लेखनिक भेटतो. मोडी लेखनात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलाच जात नसे. रोमन लिपीत 'ड' आणि 'द' यांना, तसेच 'ठ' आणि 'थ' यांना एकच चिन्ह पुरते. रोमनातील नाव यंत्राने पुन्हा देवनागरीत आणले की 'लाडक्या'चा 'लदक्या' आणि 'ठमी'ची 'थमी' होते. खुद्द 'अच्छाड' हे नाव रोमनात जाऊन परत आले तर 'अच्छाद' होऊन येईल. वाराच्या नावावरून ठेवलेली सोम्या, बुध्या, शुक्र्या यांसारखी नावे शाळेत घालताना गुरुजींनी 'सोमा', 'सोमनाथ' अशी सुसंस्कृत करून घेतली असतील, तर आणखी एक पदर चढतो.

साहित्याच्या अभ्यासकाला ही परिस्थिती अपरिचित नाही. तिला आपण पाठभेद म्हणतो. आपल्या शास्त्राचा सगळा डोलाराच पाठभेदावर उभा आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे संशोधन केले ते पाठ बिघडले होते म्हणून. राजवाड्यांची प्रत प्रमाण मानायची की एकनाथी परंपरेची, यावर आपल्याकडे पिढ्या वाद घालीत आल्या. त्याहून महत्त्वाचे उदाहरण 'लीळाचरित्रा'चे. म्हाइंभटांनी ज्यांनी चक्रधरांना पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे जाऊन आठवणी मिळवल्या; आणि जेथे एकाचे सांगणे दुसऱ्याशी जुळले नाही तेथे वेगळे सांगणे 'वासना' म्हणून नोंदवून ठेवण्याची पद्धत महानुभाव परंपरेने सांभाळली. मराठी गद्याच्या आरंभीच, न जुळणाऱ्या दोन पाठांना एका ग्रंथात शेजारी शेजारी बसण्याचा अधिकार दिला गेला होता.

पडद्यावरच्या अर्जाला हा अधिकार मान्य नाही. त्याच्या लेखी पाठभेद म्हणजे दोन माणसे, किंवा एक लबाड माणूस. दोन अभिलेखांतील अक्षरे चिन्हागणिक जुळली नाहीत की 'नाव जुळत नाही' एवढे तीन शब्द उमटतात. ही त्या संहितेची समीक्षादृष्टीच आहे, आणि ती अत्यंत भाबडी आहे. एकच पाठ खरा आणि बाकीचे सारे भ्रष्ट, अशी भूमिका आज पाठचिकित्सेचा पदव्युत्तर विद्यार्थीही घेणार नाही. भूअभिलेखाच्या संकेतस्थळावर नावावरून सातबारा शोधण्याची सोय आहे. परंतु तलाठ्याच्या हाताने एकदा लिहिल्या गेलेल्या नावातील वेलांटी पहिली होती की दुसरी, हे शोधणाऱ्याला आधीच ठाऊक असले पाहिजे. म्हणजे हस्तलिखित न पाहताच त्यातील पाठ सांगायचा. शिष्यवृत्तीसाठी 'महाडीबीटी'वर अर्ज करणाऱ्या मुलीलाही आपल्या दोन नावांचा मेळ स्वतःच घालावा लागतो. शाळेतल्या पोरांच्या 'अपार' ओळखक्रमांकासाठीही शाळेतील नाव आणि आधारवरील नाव एक असावे लागते.

पाठ निश्चित करण्याचे काम आपल्या विद्यापीठांत वेतन घेऊन केले जाते. येथे ते ज्याला त्याची मुळीच साधने नाहीत त्याच्यावर टाकले जाते, आणि त्यासाठी त्याच्याकडूनच पैसे घेतले जातात: प्रतिज्ञापत्राचे, राजपत्रातील नावबदलाच्या जाहिरातीचे, आणि सर्वांत अधिक म्हणजे बुडालेल्या रोजाचे. अच्छाडनजीकच्या एका पाड्यावरील वृद्धेबरोबर मी एकदा सेवा केंद्रात गेलो होतो. केंद्राचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही; असली केंद्रे सर्वत्र सारखीच. निराधार अनुदानाच्या अर्जात तिचे नाव एका कागदावर नवऱ्याच्या नावासह होते, दुसऱ्यावर बापाच्या. चालकाने, वाईट वागणारा मुलगा नव्हता तो, तिला विचारले, ''आजी, तुझा खरा नाव काय?'' तिने उत्तर दिले, ''मना जो जसा हाक मारतो, तसा.'' आमच्या समीक्षेत या उत्तरावर एक शोधनिबंध होऊ शकला असता. पडद्यावर त्याला रकाना नव्हता.

हा चालक कोण आहे, याचाही विचार झाला पाहिजे. 'घरबसल्या सेवा' या शब्दप्रयोगात एक थेट संबंध कल्पिलेला आहे: इकडे नागरिक, तिकडे शासन, मध्ये कोणी नाही. प्रत्यक्षात या पट्ट्यात मध्ये नेहमीच कोणी तरी होते. दस्त लिहिणारा कारकून होता, सावकाराचा मुनीम होता. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये ज्या वेठबिगारीचे चित्र रेखाटले आहे, तिच्या मुळाशी वाचता न येणाऱ्याचा अंगठा आणि वाचता येणाऱ्याचा कागद यांचाच संबंध होता. १९४५ साली झरीच्या परिषदेत वारल्यांनी वेठ नाकारली, ती या कागदी सत्तेविरुद्धही होती. आजचा केंद्रचालक सावकार नव्हे, आणि तसे सुचविणे अन्यायाचे होईल. पण तो लेखनिक आहे. नुसता टंकलेखक नव्हे तर भाषांतरकार आणि संपादकही. बाईने सांगितलेल्या आयुष्यातून रकान्यात बसेल तेवढे तो निवडतो. अर्जाखाली अंगठा तिचा, पाठ त्याचा. 'लेखकाचा मृत्यू' हा रोलाँ बार्थचा १९६७ मधला निबंध आमचे विद्यार्थी पाठ करतात. ज्या अर्जाचा कर्ता नेमका कोण हे खरोखरच सांगता येत नाही तो अर्ज मात्र त्यांच्या दृष्टीस पडत नाही. वुल्फगांग इझरच्या 'अभिप्रेत वाचका'चेही तेच. अर्जाचा अभिप्रेत वाचक कसा आहे ते पाहावे: त्याचा भ्रमणध्वनी क्रमांक कधी बदलत नाही, त्याला जन्मतारीख ठाऊक आहे, त्याचे नाव तीनच तुकड्यांचे आहे आणि तो कोठेही एकाच पद्धतीने लिहिला जातो. या वाचकाला मुंबई-पुण्याच्या सदनिकेत शोधावे लागेल. मराठी कादंबरीच्या मध्यमवर्गीय वाचकावर आम्ही इतकी वर्षे टीका केली. तोच वाचक शासनाने अर्जात गृहीत धरला, तेव्हा आमच्या लक्षातही आले नाही.

येथे एक आनुषंगिक निरीक्षण. अर्जातील सक्तीचा रकाना तारका-चिन्हाने दाखवतात. ऐतिहासिक भाषाशास्त्रात हेच चिन्ह कोठेही लिखित स्वरूपात न सापडलेल्या, केवळ अनुमानाने सिद्ध केलेल्या रूपापुढे लावतात. दोन्ही अर्थ एकत्र वाचले तर अच्छाडच्या अर्जदाराची स्थिती बरीचशी कळते.

यावर दोन उत्तरे दिली जातील. पहिले असे की, ही तांत्रिक अडचण आहे, ती तंत्रज्ञ सोडवतील. साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात पडू नये. हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. रघुनाथपंडितांच्या 'राज्यव्यवहारकोशा'पासून भाषा संचालनालयाच्या कोशांपर्यंत राज्यकारभाराची भाषा पंडितांनीच घडवली. पदनाम कोशाची 'बदनाम कोश' म्हणून थट्टा झाली, तीही साहित्यिकांकडूनच. म्हणजे कारभाराच्या शब्दांवर वाद घालणे हा मराठी वाङ्मयव्यवहाराचा भाग होता. अलीकडचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा शासनाला मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. ज्या विद्येला विद्यापीठे अडगळ समजत होती, तिच्यावाचून कारभाराचे पाऊल पुढे पडेना. अनुसूचित जमातीच्या जातवैधतेसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा भक्कम मानला जातो. त्या काळातील जुने कागद वाचणारी माणसे तलासरी-डहाणूकडे कोणी पाठविली, असे मात्र ऐकिवात नाही.

दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. संगणकावर आलेल्या नोंदींमुळेच तलाठ्याची मिरासदारी मोडली, असे म्हटले जाते. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने ठरावीक मुदतीत सेवा मागण्याचा अधिकार आणि अपिलाची वाट दिली, हेही खरे आहे. हा मुद्दा मी मान्य करतो. पूर्वीच्या कागदाबद्दल हळवे होण्यासारखे या भागात काही नाही. अंगठ्याचा इतिहास वर आलाच आहे. मोबाइलवर आपला सातबारा पाहणारा वारली तरुण ही मोठी गोष्ट आहे. पण नोंद सर्वांना दिसू लागली म्हणून ती बरोबर झाली असे होत नाही. चुकीचा पाठ छापून निघाला की तो अधिक प्रमाण वाटू लागतो, हे छापखान्याच्या इतिहासाने आपल्याला शिकवले आहे. आणि अधिनियमातील मुदतीचे घड्याळ परिपूर्ण अर्ज दाखल झाल्यावर सुरू होते. ज्याचा अर्ज नावापाशीच अडला, त्याच्यासाठी ते घड्याळ सुरूच होत नाही.

कायद्याला बोललेला शब्द मुळीच मानवत नाही, असेही नाही. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखालील २००८ च्या नियमांत गावातील वृद्धांचे लिहून घेतलेले निवेदन हे पुराव्यांपैकी एक मानले आहे. म्हणजे 'हे शेत याच्या बापाने कसले, मी पाहिले आहे' हे वाक्य राज्याने ऐकावयाचे मान्य केले. म्हाइंभटांची पद्धत सातशे वर्षांनी संसदेच्या कायद्यात आली म्हणा ना! जमिनीबाबत जे चालते ते नावाबाबत का चालू नये, हा प्रश्न विचारण्याची पात्रता सर्वांत अधिक आपली होती.

आपल्या घरची स्थितीही पाहावी. मराठी प्रकाशकांनी युनिकोडपूर्व काळातील टंकांत जुळविलेली पुस्तके संगणकावर चढवली, ती अनेकदा नुसती पानांची चित्रे आहेत. त्यांत एखादा शब्द शोधावयास जावे तर तो सापडत नाही. आपल्या वाङ्मयीन नियतकालिकांच्या जुन्या अंकांची कथा वेगळी नाही. 'ऱ्य' हे अक्षर पडद्यावर नीट उमटावे यासाठी आपण पुष्कळ भांडलो, आणि ते योग्यच होते. पण तेवढ्यावरच थांबलो. भारत सरकारच्या 'भाषिणी' प्रकल्पाचा भर अनुसूचीतील भाषांवर. वारली त्या बाविसांत नाही. तिच्या शब्दांचे, नावांच्या रूपांचे संकलन करणे हे विद्यापीठांच्या मराठी विभागांचे काम. २०१३ च्या लोकसर्वेक्षणाने दिशा दाखवली होती. त्यानंतर आमच्या विभागांतून देशीवादावर प्रबंध निघत राहिले.

सेवेची दिशा कोणती असावी, याचे उदाहरण याच डहाणू तालुक्यात, कोसबाडच्या टेकडीवर आहे. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत हे पाहून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा काढली. शाळा गुरांमागे गेली. त्यांनी मुलांना आधी शाळेच्या रकान्यात बसवले नाही.

मागणी करायची तर ती मोठी नाही. जुन्या मराठी दस्तऐवजांत 'उर्फ' नावाचा एक शब्द असे. खत लिहिणारा अमका उर्फ तमका असे लिहून मोकळा होई, आणि त्या एका शब्दाने दोन नावांत एकच माणूस मावत असे. तो शब्द फारसी-अरबीतून आला, म्हणून कोशकारांना खटकला असेल. अर्ज रचणाऱ्यांना तो आठवलाच नाही. प्रत्येक अर्जात 'उर्फ'चा रकाना असावा, त्यात हवी तितकी रूपे नोंदवता यावीत, ग्रामसभेने ती ओळखावीत आणि एकदा ओळखलेली रूपे पुढच्या प्रत्येक अर्जाने मानावीत, अशी नियमावली मराठीच्या प्राध्यापकांनी तयार करून शासनापुढे ठेवावी. उपरोक्त वृद्धेने अखेर प्रतिज्ञापत्र केले. त्यात तिच्या दोन्ही नावांखेरीज तिसरेच एक नाव टंकलेखनाच्या चुकीने आले आहे, आणि त्यासाठी आता दुसरे प्रतिज्ञापत्र करावे लागणार आहे.