व्हर्बिना आणि वाफसा

फुलझाडांच्या बाबतीत माणसांचे दोन वर्ग करता येतात. काहींनी वाळकी काटकी खोचली तरी तिला पालवी फुटते, आणि काहींच्या घरी धडधाकट तुळसदेखील आठ दिवसांत मान टाकते. मी ह्या दुसऱ्या वर्गातला; आणि तोही पहिल्या बाकावरचा! तरीसुद्धा गेल्या साली दसऱ्याच्या आधी मी व्हर्बिनाच्या बियांचे एक पाकीट घेऊन घरी आलो.

पाकिटावरचे चित्र मोहात पाडणारे होतेच. लहान वाटीएवढा झुबका, त्यात पंधरा-वीस इवली इवली फुले, कुठे जांभळी, कुठे गुलाबी, कुठे लालभडक, आणि मध्यभागी पांढरा ठिपका. पण माझ्यासारख्या शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला भुलवले ते नावाने. प्राचीन रोममध्ये देवकार्यात वापरायच्या पवित्र डहाळ्यांना हेच नाव होते. म्हणजे आपली पत्रीच की! कुंडीतला व्हर्बिना मात्र मूळचा दक्षिण अमेरिकेचा. 19व्या शतकात युरोपातल्या माळ्यांनी त्याच्या निरनिराळ्या जातींचे संकर केले आणि त्याला आजचे रूप आले.

एवढे व्याख्यान मी घरात पाऊल टाकताच दिले.

"ते असू दे. पण लावायचं कसं?" हिने विचारले.

मराठीच्या प्राध्यापकाला असले व्यवहारी प्रश्न विचारू नयेत! मी कुंडीत माती भरली, बिया टाकल्या आणि पाणी घातले. पाकिटावर 'ओलावा राखावा' अशी सूचना होती. ती आम्ही सर्वांनी फारच मनावर घेतली. सकाळी कॉलेजला निघताना मी पाणी घाली. दुपारची भांडी आवरली की ही घाली. संध्याकाळी शाळेतून आली की कन्या घाली. तिला वाटे, बाबा विसरले असतील. दहाव्या दिवशी मी हळूच माती उकरून पाहिली. पंधराव्या दिवशी कुंडीत हिरवे दिसू लागले. पण ते शेवाळ होते.

"फसवलं पाकीटवाल्यानं," मी म्हणालो.

गॅलरीतल्या खुर्चीतून आवाज आला, "बी चांगलं होतं. तुम्ही बुडवून मारलंत."

हे आमचे आप्पा. त्यांची सारी हयात वाईजवळच्या शेतावर गेली. हळद, ऊस, रब्बीला हरभरा. आई गेल्यावर आम्ही त्यांना पुण्याला आणले, त्याला तेव्हा सहा महिने झाले होते. सकाळी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून निविदांच्या जाहिरातींपर्यंत वाचायचे आणि मग रस्त्याकडे पाहत बसायचे, हा त्यांचा दिनक्रम.

"मग आप्पा, तुम्ही बोलला का नाहीत?"

आप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि म्हणाले, "मला कुणी विचारलं नाही."

मी गप्प झालो. सहा महिन्यांत आम्ही त्यांना पुष्कळ विचारले होते. चहा घेणार का? गोळी घेतली का? पंखा लावू का? पण ज्याचे उत्तर फक्त त्यांनाच ठाऊक असेल, असा एकही प्रश्न विचारला नव्हता.

दुसरी पेरणी दिवाळीत झाली. ती आप्पांच्या हुकमाखाली. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग जाडी वाळू. पसरट कुंडीच्या भोकावर खापरीचा तुकडा. आदल्या दिवशी माती भिजवून ठेवली. दुसऱ्या दिवशी आप्पांनी त्यातली मूठभर माझ्या हातावर ठेवली.

"आवळ. मूठ वळली ना? पाणी गळालं का? नाही. आता टिचकी मार." ढेकूळ भुसभुशीत फुटले. "हा वाफसा. वाफशावर पेरायचं, मग पाण्याची घाई करायची नाही."

'वाफसा' हा शब्द मी वर्गात कितीदा तरी समजावून सांगितला होता. पावसानंतर जमिनीत ओलही असते आणि हवाही खेळते, ती स्थिती, असे फळ्यावर लिहून दिले होते. हातात तो प्रथमच आला.

बियांवर वाळूमिश्रित मातीचा पातळ थर दिला आणि कुंडीवर पुठ्ठा झाकला, कारण व्हर्बिनाला उगवायला काळोख लागतो. माती वरून सुकली तरच पाण्याचा हलका शिपका. दोन ते चार आठवडे लागतात. "आठ दिवसांत वर यायला ती मेथी नव्हे," असे आप्पांनी कन्येला बजावले. सोळाव्या दिवशी पहिला कोंब दिसला आणि पुठ्ठा काढून कुंडी उजेडात ठेवली. निम्म्या बिया उगवल्या. व्हर्बिनाच्या परीक्षेत हा निकाल चांगलाच समजायचा!

पानांच्या तीन जोड्या आल्यावर दहा इंची कुंड्यांत प्रत्येकी तीन रोपे लावली. कुंड्या ठेवल्या त्या गॅलरीच्या ज्या कोपऱ्यात सहा तास ऊन येते तिथे. सावलीत व्हर्बिना नुसता लांबत जातो, फुलत नाही. पाण्याचा नियम एकच: मातीत बोट घालावे, वरचा इंचभर थर कोरडा लागला तरच सकाळी मुळाशी पाणी द्यावे. पानांवर नाही. पाने ओली राहिली, वारा खेळला नाही, की भुरी आलीच. मावा दिसला तर साबणाचे पातळ पाणी फवारावे.

रोपे चार इंचांची झाली आणि एका सकाळी आप्पा एकेकाचा शेंडा खुडताना दिसले. एका शेंड्यावर तर कळी डोकावत होती!

"आप्पा! अहो, कळी आहे ती!"

"हरभऱ्याचे शेंडे खुडले नाहीत तर फांद्या फुटतील कशा आणि घाटे धरतील कुठे? एक खुडावा, चार येतात."

चार आले, आणि पुढे कुंडीचा काठ ओलांडून खाली लोंबले. जानेवारी संपता संपता पहिला झुबका उमलला. बाहेरच्या कडेची फुले आधी, मग आतली. ही आणि कन्या हरखून पाहत होत्या. आप्पांनी चष्मा सावरला आणि म्हणाले, "अरे, ही तर आपली घाणेरी!"

माझ्या पवित्र रोमन पत्रीला घाणेरी म्हणावे? दुसऱ्या दिवशी मी वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांकडे तक्रार नेली. ते हसून म्हणाले, "वडिलांनी बरोबर ओळखलं. दोन्ही एकाच कुळातली." मी घरी येऊन हे सांगितले. आप्पा काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी जाहिराती न वाचता त्यांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवले.

त्यानंतर सुकलेले झुबके रोज कापणे हे काम त्यांचे. ते तसेच राहिले तर झाड बी धरण्याच्या मागे लागते आणि फुले कमी होतात. चैत्राच्या उन्हात झाडे मलूल झाली तेव्हा आप्पांनी ती छाटली. फांद्या मातीला टेकल्या होत्या तिथे पेरापेरातून मुळ्या सुटल्या होत्या, रताळ्याच्या वेलासारख्या. त्यांचे, आणि बिनफुलाच्या शेंड्यांचे, तीन-तीन इंचांचे तुकडे ओल्या वाळूत, सावलीत खोचले. बहुतेक जगले. ते शेजाऱ्यांकडे गेले. आता दाराची घंटा वाजते आणि विचारणा होते, "आप्पा आहेत का?" माझी चौकशी हल्ली कोणी करीत नाही.

वाचकहो, व्हर्बिना पेरायला हे दिवस उत्तम आहेत. फराळ आटोपला की एक पसरट कुंडी आणि बियांचे पाकीट आणा. आणि गॅलरीतल्या खुर्चीत कोणी बसलेले असेल, तर पाण्याचे भांडे उचलण्यापूर्वी त्यांना विचारा.

ह्या वर्षीची पेरणी आमच्याकडे झाली आहे. आज सकाळी मी सवयीने तांब्या घेऊन निघालो होतो. दारातच थांबलो.

"आप्पा, पाणी घालू का?"

त्यांनी मातीत बोट घातले. "थांब. वाफसा येऊ दे."