पाणी ओसरल्यावरची ड्युटी

ऑगस्ट २०२५मध्ये लेंडी धरण परिसरातल्या पाण्याने मुखेड तालुक्यातलं हसनाळ वेढलं. सप्टेंबरात मांजरा, तेरणा पात्राबाहेर आल्या. दोन्ही वेळी चर्चा झाली ती बोटींची आणि पंचनाम्यांची. पण पुराचं दुसरं संकट पाणी ओसरल्यावर येतं: गढूळ विहीर, जुलाब, कावीळ, विंचूकाटा. तेव्हा गावाच्या सगळ्यांत जवळ असते ती आरोग्य उपकेंद्राची सिस्टर. साधारण पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा सपाट भागाचा निकष; कोणत्या तांड्यावर कोण नवव्या महिन्यात आहे, बीपीच्या गोळ्या कुणाला लागतात, हे तिच्या रजिस्टरात असतं. कुणी म्हणेल, आपत्तीत डॉक्टर आणि बचावपथक हवं, नर्स काय करणार? शंका रास्त आहे. सर्पदंशाचा गंभीर रुग्ण ती एकटी सांभाळू शकत नाही. पण बोटीत आधी कुणाला बसवायचं, हे बाहेरून आलेल्या पथकाला तिची यादीच सांगू शकते. आणि ओआरएस, क्लोरीन वेळेत पोचलं, तर अनेकांवर दवाखाना गाठायची पाळीच येत नाही. म्हणून मृगाआधीच तालुक्याच्या आपत्ती आराखड्यात तिची जबाबदारी, नदीपलीकडच्या गावांसाठी वेगळा औषधसाठा आणि दिवस भरत आलेल्या बायकांना आधीच हलवण्याचा अधिकार लिहिला पाहिजे. तिच्या सत्काराच्या शाली पुरे. उपकेंद्रांतली रिकामी पदं भरा.