विश्लेषण : ‘आर’ की ‘आरडब्ल्यू’? घरच्या आठवणींसाठी कोणती डिस्क?

सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेकॉर्ड करता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन थांबवले. नव्या लॅपटॉपमधून डिस्क ड्राइव्ह तर केव्हाच गेला. पण मालवण, देवगड, वेंगुर्ल्यातल्या कित्येक कपाटांत लग्नाचे, जत्रेतल्या दशावताराचे चित्रीकरण आजही सीडी-डीव्हीडीवरच आहे. ते वाचवायचे कसे, आणि नवी प्रत कोणत्या डिस्कवर काढायची?

दोन्हींत फरक काय?

‘आर’ डिस्कवर (सीडी-आर, डीव्हीडी-आर) एकदाच लिहिता येते. तिच्यात रंगद्रव्याचा पातळ थर असतो. लेझरच्या उष्णतेने त्यावर कायमच्या खुणा उमटतात.

‘आरडब्ल्यू’मध्ये रंगद्रव्याऐवजी चांदी, इंडियम, अँटिमनी, टेल्युरियम अशा घटकांचा मिश्रधातू असतो. लेझरने तो कमी-जास्त तापवला की त्याची रचना बदलते, म्हणून लिहिलेले पुसता येते. सीडी-आरडब्ल्यूवर साधारण हजार वेळा पुन्हा लिहिता येते, असे मानले जाते.

मग आरडब्ल्यूच चांगली?

रोज बदलणाऱ्या फाइल्स नेण्या-आणण्यासाठी ती सोयीची होती. आता ते काम पेन ड्राइव्ह करतो. जपून ठेवायच्या गोष्टीसाठी मात्र तीच सोय धोक्याची. घरातल्या कोणी चुकून डिस्क ‘इरेज’ केली की लग्न गेले. शिवाय सीडी-आरडब्ल्यू प्रकाश कमी परावर्तित करते, त्यामुळे अनेक जुने प्लेअर ती वाचत नाहीत.

किती वर्षे टिकते?

कॅनडाच्या संवर्धन संस्थेच्या अंदाजानुसार सोन्याचा थर असलेली चांगली सीडी-आर १०० वर्षांहून अधिक टिकू शकते, तर सीडी-आरडब्ल्यू २० ते ५० वर्षे. पण हा अंदाज नीट सांभाळलेल्या डिस्कचा आहे. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २००३ मध्ये दीर्घकाळ साठवणीसाठी ४ ते २० अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सुचवली होती. मालवणच्या पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. ओलाव्याने धातूचा थर काळवंडतो आणि उन्हाने ‘आर’मधले रंगद्रव्य फिके पडते. म्हणजे किनाऱ्यावर डिस्कच्या प्रकाराइतकाच ती कुठे ठेवली आहे, हा प्रश्न महत्त्वाचा.

आता काय करायचे?

• आधी जुन्या डिस्क वाचून घ्या. यूएसबीला जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह अजून मिळतो. डिस्क पुसताना मऊ कापड मधून कडेकडे सरळ फिरवा, गोल नको.

• सगळे हार्ड डिस्कवर उतरवा. नवी डिस्क काढायचीच तर ‘आर’ घ्या, लिहून झाल्यावर ‘व्हेरिफाय’ करा. कोरी डिस्कही जुनी होते. अमेरिकेचे राष्ट्रीय अभिलेखागार कोऱ्या डिस्कचे आयुष्य ५ ते १० वर्षे धरते. त्यामुळे दुकानात पडून राहिलेला माल टाळा.

• डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका, बॉलपेनने लिहू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह उभी ठेवा.

• एक प्रत गावाबाहेर हवीच. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने सिंधुदुर्गात घरांची छपरे उडाली. अशा वेळी घरातल्या तीन प्रतीही एकाच पावसात भिजतात. गणपतीला आलेल्या चाकरमान्याच्या हाती एक हार्ड डिस्क मुंबईला पाठवणे, हा सर्वांत स्वस्त विमा.

थोडक्यात, ‘आर’ की ‘आरडब्ल्यू’ यात उत्तर ‘आर’ आहे, पण ती एकमेव प्रत म्हणून नव्हे. डिस्क शाबूत असूनही ती वाचणारे यंत्रच मिळेनासे होईल, तो दिवस फार लांब नाही. त्याआधी, येत्या पावसाळ्यापूर्वीच, कपाट उघडलेले बरे.