भरपाई मालकाला, वसुली गुलामाकडून



२ डिसेंबरला गुलामी निर्मूलन दिनाच्या पोस्ट फिरतात. लिंकनचा फोटो, तुटलेली साखळी. खाली कोणीतरी येऊन लिहितोच, "भारतात गुलामी नव्हतीच, फक्त कामाची वाटणी होती." आणि आपली पोरं गप्प बसतात.

का गप्प बसायचे? गुलामी नव्हती, तर १८४३ चा पाचवा कायदा कशासाठी झाला? ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ मध्ये वसाहतींतील गुलामी रद्द केली, पण ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला. दहा वर्षांनी आलेल्या कायद्याने इथल्या कोर्टांना गुलामावरची मालकी मानायला मनाई केली. वतन आणि वेठ मात्र तशीच राहिली.

जोतीरावांनी हे नेमके ओळखले. १८७३ चे 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केले. बाबासाहेब त्याहून पुढे गेले. मालकाने गुलामासाठी पैसे मोजलेले असतात, म्हणून तो त्याला जगवतो. अस्पृश्य मेला तरी कोणाचे काही जात नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. १९२८ मध्ये त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मुंबई कौन्सिलात मांडले. ते पुढे सरकले नाही. महार वतन कायद्याने गेले ते थेट १९५८ च्या कायद्यानंतर.

आता हिशेब बघा. १८३३ च्या कायद्याने दोन कोटी पौंड भरपाई दिली, ती मालकांना. गुलामांना छदाम नाही. १९५८ च्या कायद्याने वतनाची जमीन सरकारजमा झाली. ती परत हवी, तर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या वतनदारानेच आकारणीच्या तिप्पट कब्जेहक्काची रक्कम भरायची. वर कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती विकायची नाही. रक्कम लहान होती म्हणाल, पण ती वसूल कोणाकडून झाली?

कोणी म्हणेल, हा कायदा जुन्या मुंबई इलाख्याचा, बुलढाण्याचा काय संबंध? खरे आहे, आपले वऱ्हाड आधी मध्यप्रांताला जोडलेले होते. कागद वेगळे होते. गावकीची राबणूक तीच होती.

आणि ती संपली का? दिवाळीनंतर उचल घेऊन ऊसतोडीला, वीटभट्टीवर जाणारी कुटुंबे कोणत्या वस्त्यांतली असतात, ते मोजा. "उचल ते स्वखुशीने घेतात" असे मुकादम सांगतो. सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्ये, एशियाडच्या मजुरांच्या प्रकरणात, याचे उत्तर दिले आहे: किमान वेतनापेक्षा कमी पैशात करावे लागणारे काम ही कलम २३ खाली वेठच, कारण भूकही सक्तीच करते. १९७६ च्या वेठबिगार कायद्याने असे बांधून ठेवणारे कर्ज रद्द ठरते, आणि जिल्ह्यात व उपविभागात दक्षता समिती बंधनकारक आहे.

म्हणून या २ डिसेंबरला पोस्टसोबत माहिती अधिकाराचा एक अर्जही टाका. आपल्या उपविभागाची दक्षता समिती कधी नेमली? किती बैठका झाल्या? किती मजूर सोडवले? किती जणांचे पुनर्वसन झाले? उत्तर आले की ते घेऊन प्रांत ऑफिसवर जाऊ. कायदा कोणी आपल्या दारात आणून देत नाही, तो राबवून घ्यावा लागतो.

जय भीम! जय संविधान!