विश्लेषण : पर्यटनस्थळावरील बंदीची सूचना संकेतस्थळावरून गायब कशी होऊ शकते?

लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी मावळातच कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचा मृत्यू झाला. दोन्ही दिवस रविवार. पावसाळी सहलीला निघण्यापूर्वी ‘तिथे आज बंदी आहे का’, हे आता मोबाइलवरच पाहिले जाते. त्यामुळे ही सूचना पानावर येते कशी, हा प्रश्न केवळ संगणक अभियंत्यांपुरता उरत नाही.

‘डायनॅमिक इन्क्लूड’ म्हणजे काय?

संकेतस्थळाचे प्रत्येक पान सहसा वेगळे लिहिले जात नाही. शीर्षपट्टी, तळपट्टी, सूचना अशा छोट्या फाइल टेम्प्लेट इंजिन एकत्र जोडते. कोणती फाइल जोडायची हे पान उघडताना ठरत असेल, तर तो डायनॅमिक इन्क्लूड. समजा, भुशी धरण, टायगर पॉइंट आणि लोहगड यांच्यासाठी एकच साचा आहे. वाचक जे ठिकाण निवडेल, त्याची सूचना त्यात येते. ‘ट्विग’, ‘जँगो’ यांत ही सोय आहे.

फाइल सापडली नाही तर?

खरी मेख इथेच आहे. जँगोच्या २.१ पूर्वीच्या आवृत्त्यांत, प्रत्यक्ष वापरातील संकेतस्थळावर अशी फाइल नसेल तर त्या जागी काहीच दिसत नसे. बाकीचे पान व्यवस्थित उघडे. २०१८ मध्ये आलेल्या २.१ आवृत्तीपासून अशी चूक लपत नाही. ट्विगमध्ये मात्र ‘इग्नोर मिसिंग’ असे लिहिल्यास नसलेली फाइल आजही मुकाट्याने वगळली जाते. जाहिरातीच्या चौकटीसाठी हे चालेल, धोक्याच्या सूचनेसाठी नाही.

सुरक्षेचा धोका कोणता?

फाइलचे नाव थेट वेब पत्त्यातून घेतले, तर त्यात फेरफार करून सर्व्हरवरील गोपनीय फाइल उघडण्याचा प्रयत्न होऊ शकतो. पीएचपीमध्ये तर बाहेरच्या सर्व्हरवरील फाइलही जोडता येत असे. २००६ मधील ५.२ आवृत्तीपासून ती सोय मुळातच बंद ठेवली जाते.

उपाय काय?

वाचकाने फक्त ठिकाण निवडावे. फाइलचे नाव सर्व्हरने स्वतःच्या ठरलेल्या यादीतून घ्यावे. ट्विगमध्ये एकापाठोपाठ पर्यायी फाइलही देता येतात. शेवटचा पर्याय ‘माहिती उपलब्ध नाही, निघण्यापूर्वी स्थानिक प्रशासनाकडे चौकशी करा’ असा असावा. कारण सूचनेची जागा कोरी दिसली, की पर्यटक त्याचा अर्थ ‘बंदी नाही’ असाच घेतो.