खोट्या साक्षीचे काळे पुस्तक

‘प्रकल्प काय, सगळेच उतरवतात, त्यात एवढे मनाला लावून घेण्यासारखे काय आहे?’ हा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने केला तर त्याच्या वयाकडे पाहून सोडून देता येईल. परंतु तो पालक करतात. आणि मुलगा किंवा मुलगी मनुष्यबळ व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम पूर्ण करीत असेल तर जरा अधिकच सहजपणे करतात. हे काही वैद्यक नव्हे, स्थापत्यशास्त्र नव्हे; चुकले तरी रोगी दगावत नाही की पूल कोसळत नाही, असा त्यामागचा हिशेब असतो. तो हिशेबच मुळात खोटा आहे.

या अभ्यासक्रमात काळ्या पुठ्ठ्यात बांधलेला जो अहवाल सादर करावा लागतो, त्याला मुंबईकडील विद्यार्थी ‘ब्लॅक बुक’ म्हणतात. जुना अहवाल मिळवायचा, कंपनीचे नाव बदलायचे आणि झेरॉक्सच्या दुकानातून बांधून घ्यायचा, ही त्याची रूढ कृती. 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी अवतरल्यापासून तेवढेही श्रम उरलेले नाहीत. तरीही उतारे उचलणे हा यातला लहान अपराध होय. मोठा अपराध ‘माहितीचे विश्लेषण’ या प्रकरणात दडलेला असतो. शंभर कामगारांना प्रश्नावली दिली, त्यांपैकी बहुसंख्य समाधानी आढळले, असे तेथे लिहिलेले असते आणि खाली रंगीत आलेख काढलेला असतो. ते शंभर कामगार अस्तित्वातच नसतात. कँटीनचे जेवण, पाळीची वेळ, मुकादमाची वागणूक यांविषयी कोणीही कोणाला काही विचारलेले नसते. विद्यार्थ्याने घरी पंख्याखाली बसून सर्वांच्या वतीने खुणा केलेल्या असतात. याला नक्कल म्हणणे म्हणजे शब्दाचा गैरवापर आहे. ही खोटी साक्ष आहे. आणि ज्याच्या नावाने ती दिली जाते त्या कष्टकऱ्याला तिचा पत्ताही नसतो. नवल असे, की हे काल्पनिक कामगार नेहमी समाधानीच असतात!

ही विद्याशाखा आपल्या देशात कशातून उभी राहिली, याचे तरी स्मरण ठेवावे. 1936 मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली; तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. 1948 च्या कारखाने अधिनियमाने पाचशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. पुढच्याच वर्षी येशूसंघीय धर्मगुरूंनी जमशेदपूर येथे संस्था काढली आणि तिच्या नावातच ‘लेबर रिलेशन्स’ हे शब्द घातले. कामगाराचे म्हणणे ऐकून घेणे हा या विद्येचा पाया होता. पुढे ‘पर्सोनेल’ जाऊन ‘ह्यूमन रिसोर्स’ आले. नाव बदलले याबद्दल तक्रार नाही. कामगार भेटलाच नाही तरी त्याचे मत छापता येते, ही मात्र प्रगती म्हणवत नाही.

उद्या हाच विद्यार्थी कोणत्या खुर्चीवर बसणार आहे? उमेदवारांची प्रमाणपत्रे खरी की खोटी हे तो तपासणार. खात्यांतर्गत चौकशीत साक्षी नोंदविणार. कोणाची वेतनवाढ रोखायची, कोणाला आरोपपत्र द्यायचे, यावर त्याचा शेरा चालणार. अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेत मॅरिली जोन्स या प्रवेशप्रमुख होत्या. इतरांच्या अर्जांचा खरेखोटेपणा जोखणे हेच त्यांचे काम. पण त्यांनी नोकरीत शिरताना सांगितलेल्या पदव्याच खोट्या निघाल्या आणि 28 वर्षांच्या सेवेनंतर 2007 मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले. त्या कर्तबगार होत्या, हे कोणी नाकारले नाही. तेवढ्याने निभावले नाही.

नियम आहेत ना, असे कोणी म्हणेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध विनियम केले; शोधप्रबंधात 60 टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास नोंदणी रद्द करण्याची तरतूद त्यांत आहे. परंतु त्याच विनियमांनी प्रकल्प अहवाल, स्वाध्याय आणि उत्तरपत्रिका आपल्या कक्षेतून स्पष्टपणे वगळल्या आहेत. शिवाय संगणक फार तर उचललेली वाक्ये पकडील. न भेटलेला कामगार त्याला कसा सापडावा?

कंपन्या विद्यार्थ्यांना फाटकाशीही उभे करीत नाहीत, ही तक्रार मात्र खरी आहे. चार ठिकाणी हेलपाटे घालूनही परवानगी मिळत नाही आणि सादरीकरणाची तारीख डोक्यावर येते. मग तसेच लिहावे. तीन कारखान्यांनी नकार दिला, चौथ्यात जेवणाच्या सुट्टीत बारा जण बोलले, त्यांपैकी सात जणांनी कंत्राटी पद्धतीविषयी तक्रार केली, असा अहवाल कोणी दिला तर तो शंभरांच्या आलेखापेक्षा कितीतरी मोलाचा ठरेल. पालकांनीही बांधणीचे पैसे देण्यापूर्वी, यातला एक तरी कामगार तुला भेटला का, एवढे विचारायला हरकत नाही. आणि दहा मिनिटांत तोंडी परीक्षा उरकणाऱ्या परीक्षकांनी आलेख बाजूला ठेवून भरलेल्या प्रश्नावलींचा गठ्ठा मागावा. ज्याच्याकडे तो नसेल त्याला पुढील सत्रात पुन्हा पाठवावे. मग महाविद्यालयाचा निकाल शंभर टक्के लागो वा न लागो.